चालू मशीनची पूजा

आमच्या दुकानाचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो. खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारांची पूजा होते. कोयता, पाना, ट्रॅक्टर, शिलाई मशीन आणि आता लॅपटॉप. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल आणि वर नारळाच्या पाण्याचे चार थेंब. कोयत्याला त्याचं काही होत नाही. लॅपटॉपला होतं. मग सोनं वाटून झालं की माणसं पिशवीत लॅपटॉप घालून मलकापूरला माझ्या दुकानात येतात आणि म्हणतात, "काय केलंच न्हाई ओ, आपोआप बंद पडला." मी तो उलटा करून हलवते. टेबलावर तांदूळ पडतात. गिऱ्हाईक तांदळाकडं बघतं आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघतं.

हे लिहायला बसले तेव्हा अशा गमतीच सांगायच्या ठरवल्या होत्या. दिवाळीत लोकांना हसायला आवडतं. पण कितीही वळसा घातला तरी मी एकाच लॅपटॉपपाशी येते, तेव्हा त्याचंच सांगते.

आधी माझं थोडक्यात. कराडला लागून मलकापूर, तिथं एका बेकरीच्या शेजारी माझं दुरुस्तीचं दुकान आहे. नवीन गिऱ्हाईक आत येतं, मला बघतं, माझ्या मागं बघतं आणि विचारतं, "मालक कुठं हायत?" सुरुवातीला राग यायचा. आता हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली न ठेवता सांगते, "मालक हितंच हायत. बोला." माझं माहेर कवठे महांकाळ तालुक्यात. वडील विहिरी खणायच्या कामावर मजूर होते. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. मी सांगलीला राहून कॉम्प्युटर घेऊन बी.एस्सी. केलं. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी झाकून ठेवत नाही. दुकानात देवाच्या फोटोखाली पदवीची फ्रेम आहे. कुणी हसलं तर हसू दे.

आता धंद्याचं. जुना लॅपटॉप हळू चालतो तो म्हातारा झाला म्हणून असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे बैल तोच असतो, गाडीत पोती वाढलेली असतात. लॅपटॉपमध्ये सगळी कामं वाटून देणारी एक मुख्य व्यवस्था असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. बहुतेकांकडं विंडोज असतं. नवी आवृत्ती आली की ती जास्त मेमरी मागते, आणि जुन्या मशीनमध्ये तेवढी नसते. लिनक्स ही तशीच दुसरी सिस्टिम. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली आणि फुकट मिळणारी. तिचे पुष्कळ प्रकार आहेत, काही जड, काही हलके. हलका प्रकार नेमका निवडून घातला तर भंगारात टाकायला काढलेला लॅपटॉप आणखी काही वर्षं निघतो. मलकापुरात ह्यासाठी मी थोडी प्रसिद्ध आहे, असं म्हणायला हरकत नाही.

पण फुकट म्हटलं की आपली माणसं सावध होतात. एक रिटायर सुभेदार आले होते. सगळं समजावून सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "ह्यात त्यांचा फायदा काय?" मी म्हटलं, कुणाचा? "ज्यांनी बनवलं त्यांचा. फौजेत फुकट फक्त सल्ला मिळायचा, मॅडम." शेवटपर्यंत त्यांचा विश्वास बसला नाही. मशीन मात्र अजून वापरतात. एक शिक्षिका दुसऱ्याच दिवशी परत आल्या, मी त्यांचं इंटरनेटच काढून घेतलं म्हणून. त्यांच्या लेखी इंटरनेट म्हणजे पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातलं एक चित्र. मी नव्या ब्राउझरला तेच चित्र लावून दिलं, त्याच कोपऱ्यात, आणि त्या समाधानानं गेल्या. काही जणांना मी सरळ नाही म्हणते. हिशेबाचं ठराविक सॉफ्टवेअर लागणारा दुकानदार असेल तर त्याला लिनक्सच्या नादी लावत नाही. आधी माणूस काम कसं करतो ते बघायचं, मशीन मागाहून उघडायचं. हे कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

ज्ञानू अण्णा आले ते असेच एका दुपारी, जुनं मशीन चालवून देणारं दुकान म्हणून कुणीतरी माझा पत्ता दिला होता. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन कवठे महांकाळहून एसटीनं आले होते. वाटेत गाडी बदलावी लागते, तेव्हाही म्हणे तो त्यांनी खाली ठेवला नव्हता. मी त्यांना लगेच ओळखलं. त्यांनी मला ओळखलं नाही. मी वडिलांचं नाव सांगितलं, तेव्हा म्हणाले, "विहिरीवरच्या बापूंची पोरगी व्हय तू?" आणि मग निवांत खुर्चीत बसले.

अण्णा तहसील कचेरीबाहेर टंकलेखनाचं टेबल लावायचे. प्रतिज्ञापत्र, अर्ज, वारसाचं, रेशनचं, सगळं. कॉलेजच्या फी माफीसाठी वडिलांच्या उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र लागायचं, ते करायला आम्ही दोघं त्यांच्याकडं गेलो होतो. तेव्हा लिंबाखाली टाईपरायटर होता. अण्णांनी नाव विचारलं, वय विचारलं, व्यवसाय विचारला. वडील म्हणाले, मजुरी. मग अण्णा म्हणाले, "बोला, काय लिहून द्यायचं?" वडिलांना बोलता येईना. आयुष्यात त्यांना कुणी असं विचारलंच नव्हतं. मागं माणसं उभी होती, त्यातला एक जण चुळबुळ करायला लागला. अण्णा काही बोलले नाहीत, मजकूर सुचवला नाही, घाई केली नाही. बोटं टाईपरायटरच्या पट्ट्यांवर ठेवून नुसते थांबले. सगळ्यांसाठीच ते असे थांबायचे, ते मला पुढं कळलं. बऱ्याच वेळानं वडील म्हणाले, "लिहा, पोरगी शिकतीया." तसं काही प्रतिज्ञापत्रात लिहीत नाहीत. अण्णांनी लिहिलं. खाली वडिलांनी अंगठा उठवला.

तो टाईपरायटर जाऊन त्याच्या जागी लॅपटॉप आला होता, आणि तो लॅपटॉप आता माझ्यासमोर होता. बिजागरी सैल, बॅटरी मेलेली. सुरू व्हायला चहा पिऊन होईपर्यंत वेळ, आणि सुरू झाला तरी लोकांच्या पेन ड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसनी बुजबुजलेला.

मी म्हटलं, अण्णा, ह्यापेक्षा दुसरा घ्या, मी चांगला जुना बघून देते. तेव्हा त्यांनी खरं सांगितलं. त्यांचा मुलगा प्रकाश पुण्याला कंपनीत आहे. उन्हाळ्यात अण्णा टेबलावरच चक्कर येऊन पडले होते, त्यात साखर वाढलेली. प्रकाशनं बाप घरी बसावा म्हणून हट्ट धरला आणि शेवटी तडजोड झाली. हे मशीन चालतंय तोवर अण्णांनी बसायचं. बंद पडलं की टेबल उचलायचं आणि पुण्याला यायचं. नवीन मशीन घ्यायचं नाही.

"शब्द दिलाय मी त्याला," अण्णा म्हणाले. "तवा ह्येच चालीव."

"आणि न्हाईच चाललं तर?"

"तर पुण्यात गॅलरीत बसून खालच्या गाड्या मोजायच्या. दुसरं काय येतंय मला?"

प्रकाश वाईट नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. पण लॅपटॉप माझ्या टेबलावर होता आणि अण्णा समोर बसले होते.

मशीन उघडलं. प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू, जुन्या ३२ बिट जातीचा. ह्या जातीला हल्ली बहुतेकांनी वाऱ्यावर सोडलंय. लिनक्सची एक सोय चांगली असते. पेन ड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं, आवडलं तरच आत घालायचं. साडी अंगावर धरून बघावी तसं. मी आधी मिंट नावाचं लिनक्स लावलं, कारण नव्या माणसाला ते सोपं जातं. ते सुरूच झालं नाही, प्रोसेसर बघून दारातनंच परत गेलं. मग पपी नावाचं इवलंसं लावलं. ते असं पळालं की अण्णा खुर्चीत पुढं सरकले. मला तिथंच थांबायचा मोह झाला. पण पपी तेव्हा मी ज्या पद्धतीनं लावलं होतं, त्यात दिवसभराचं काम मेमरीत राहतं आणि मशीन नीट बंद करताना साठवलं जातं. मी अण्णांना विचारलं, तुम्ही मशीन बंद कसं करता? म्हणाले, वायर उपसतो. बॅटरी मेलेली, वीज शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडनं घेतलेली. त्यानं शटर ओढायच्या आधी वायर उपसायची, वर्षानुवर्षांची रीत. दिवसातनं दोनदा लाईट जायची ती वेगळीच. म्हणून पपी बाद.

शेवटी डेबियन नावाचं लिनक्स ठरलं. त्याची ३२ बिटची आवृत्ती तेव्हा मिळत होती. वर एलएक्सडीई नावाचा साधा पडदा, खाली एक पट्टी आणि मोजकी चित्रं. रंगरंगोटी काही नाही. माझ्या भंगारातली मेमरीची एक पट्टी जोडली. त्यांचा प्रिंटर चालेल का ते फोनवर झेरॉक्सवाल्याकडून मॉडेल विचारून बघितलं. दर मिनिटाला काम आपोआप साठवलं जाईल अशी व्यवस्था केली.

खरी अडचण बोटांची होती. अण्णांची बोटं टाईपरायटरची. कुठल्या पट्टीवर कुठलं अक्षर ते त्यांना सांगता येत नव्हतं, करताच येत होतं. लिनक्समध्ये टाईपरायटरच्या पद्धतीचा मराठी कीबोर्ड मिळतो, पण अण्णांच्या जुन्या मशीनची मांडणी त्याच्याहून थोडी वेगळी निघाली. मी त्यांना एक प्रतिज्ञापत्र डोळे मिटून टाईप करायला सांगितलं आणि शेजारी बसून बोटं बघत राहिले. चुकीचं अक्षर उमटलं की कीबोर्डच्या फाईलमध्ये ती पट्टी बदलायची. पुन्हा टाईप, पुन्हा बदल. बेकरीवाला दोनदा चहा देऊन गेला. संध्याकाळच्या सुमाराला अण्णांनी एक ओळ टाईप केली आणि एकही अक्षर चुकलं नाही. "मी खाली सही करणार सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की," आणि पुढं नेहमीचा मजकूर. त्यांनी डोळे उघडून वाचलं आणि विचारलं, "कुठल्या कंपनीचं म्हनलीस ह्ये?" मी म्हटलं, कंपनीचं नाही, लोकांचं आहे. "मग बरोबर हाय," म्हणाले. सुभेदारांपेक्षा त्यांना ते लवकर पटलं.

जाताना मी बजावून सांगितलं, दसरा जवळ आलाय. हळदीकुंकू झाकणाला लावा, आत नको. पाणी तर अजिबात नको. ते व्हय म्हणाले.

त्यानंतर त्यांचा एकदा फोन आला, खुशीत होते. प्रकाशनं फोन करून मशीन चालतंय का विचारलं, तर अण्णांनी म्हणे फोन लॅपटॉपजवळ धरून त्याला पट्ट्यांचा आवाज ऐकवला. मात्र गिऱ्हाईक कमी झालं होतं, हेही तेव्हाच सांगितलं. पोरं मोबाईलवरनं अर्ज भरतात, दाखले घरबसल्या निघतात. दिवस दिवस कुणी येत नाही, मग ते जुनी प्रतिज्ञापत्रंच पुन्हा टाईप करत बसतात. हे त्यांनी हसत सांगितलं. मीही हसले. 

खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. आवाजावरूनच कळलं.

"पोरी, पूजा केली आन् मशीन गेलं."

"आत लावलं का काही, अण्णा?"

 त्यांनी सगळं सांगितलं. टाईपरायटर होता तेव्हा पूजा पट्ट्यांवरच व्हायची. मधल्या पट्टीला कुंकू, कडेच्या पट्ट्यांना हळद, वर नारळाचं पाणी. टाईपरायटरनं कधी तक्रार केली नाही. लॅपटॉप घेतल्यापासून मात्र ते नुसतं झाकणाला बोट लावायचे. पण ह्या वर्षी मशीन मरणाच्या दारातनं परत आलेलं. त्याची पूजा वरच्यावर उरकायची त्यांना बरी वाटेना.

"बरं, चालू होतं का तेव्हा?" मी विचारलं.

"चालूच की. बंद हत्याराची पूजा करत्यात व्हय?"

झाकण उघडून, वायर लावून, पडदा उजळून त्यांनी त्यावर नारळाचं पाणी शिंपडलं होतं. बंद असतं तर वाळवून कदाचित वाचलं असतं.

झेरॉक्सवाल्याच्या ओळखीच्या गाडीतनं लॅपटॉप माझ्याकडं आला. उघडला तर मुख्य बोर्डावर कुंकवाचा लाल राप चढलेला, आणि प्रोसेसरजवळ जळल्याचा काळा डाग. साफ करून, वाळवून, गरम करून बघितलं. माझ्या हातात होतं ते सगळं केलं. बोर्ड गेला होता. डिस्क मात्र शाबूत होती. त्यांची सिस्टिम, त्यांचा कीबोर्ड, त्यांचे सगळे कागद तिच्यात होते. लिनक्सची डिस्क दुसऱ्या बोर्डाला जोडली तरी ती सहसा कुरकुर न करता चालते. म्हणजे त्याच मॉडेलचं एखादं मेलेलं मशीन मिळालं, त्यातला बोर्ड जिवंत असला, तर अण्णांच्या झाकणात, अण्णांच्या डिस्कवर, अण्णांचंच मशीन उभं राहणार होतं. दिलेला शब्द मोडणार नव्हता. असं मी स्वतःला समजावलं.

ओळखीच्या भंगारवाल्यांना फोन केले. सांगलीत मिळालं नाही. साताऱ्यात मिळालं त्याचा बोर्ड फुटका निघाला. शेवटी लोणंदच्या एकाकडं त्याच मॉडेलचं एक मशीन निघालं, पडदा फुटलेलं, आतून ठीक. तोवर दिवाळी उलटून चालली होती. मी बोर्ड बदलला, कीबोर्ड नवा बसवला, डिस्क जोडली आणि बटण दाबलं. तोच साधा पडदा आला. शेवटची साठवलेली फाईल उघडली, तर कुणाचं तरी अर्धं टाईप केलेलं प्रतिज्ञापत्र निघालं.

मी फोन केला नाही. दुकान बंद ठेवून स्वतःच घेऊन गेले. अण्णांना समोरासमोर दाखवायचं होतं. मशीन मीही त्यांच्यासारखंच मांडीवर घेतलं होतं, हे एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं.

कचेरीबाहेर लिंबाखाली अण्णांच्या जागी मोबाईलची कव्हरं विकणारा बसला होता. झेरॉक्सवाला म्हणाला, "प्रकाश आलता दिवाळीला. टेबल आमालाच दिलं." त्या टेबलावर आता कागदाची बंडलं होती. अण्णा घरीच असतात, परवा पुण्याला जाणार आहेत, असंही त्यानं सांगितलं.

घरी गेले. ओसरीवर बांधलेल्या पेट्या, एक गादी गुंडाळलेली. प्रकाश बाहेर आला, मला ओळखत नव्हता, पण हातातल्या टॉवेलात गुंडाळलेल्या मशीनवरून ओळखलं असावं. मी चालू झाल्याचं सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. हळू आवाजात म्हणाला, "ताई, आता नका ओ. मोठ्या मुश्किलीनं तयार झालेत."  तेवढ्यात आतून अण्णांनीच हाक मारली. ते खाटेवर बसले होते, ह्या थोड्या दिवसांत बारीक झालेले. आत येऊन प्रकाशनं गुमान वायर लावून दिली आणि चहा टाकायला गेला. तेवढं त्यानं केलं.

अण्णांनी मशीन स्टुलावर घेतलं. पडदा आला. त्यांनी नवा कोरा कागद उघडला, बोटं पट्ट्यांवर ठेवली, आणि ओळ सरसर उमटली. "मी खाली सही करणार सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की." एक अक्षर चुकलं नाही. तिथं बोटं थांबली.

"चालतंय," मी म्हटलं.

"चालतंय की," अण्णा म्हणाले. ते 'की'च्या पुढच्या कोऱ्या जागेकडं बघत होते. "पन समोर कुनी बसल्याबिगर पुढचं येत न्हाई गं. जलमभर दुसऱ्याचंच लिवलं."

खोलीत दुसरी खुर्ची नव्हती. मी एक पेटी ओढली आणि त्यांच्यासमोर बसले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. पाठ ताठ झाली, चष्मा सारखा केला. नाव विचारलं. त्यांना माहीत होतं, तरी विचारलं. मी सांगितलं, त्यांनी टाईप केलं. वय विचारलं. मग व्यवसाय.

"कॉम्प्युटर दुरुस्ती," मी म्हटलं.

त्यांनी ते सावकाश टाईप केलं आणि वर न बघता म्हणाले, "बोला, काय लिहून द्यायचं?"

मी शिकलेली बाई. दिवसभर लोकांना समजावून सांगते, कधी शब्दाला अडत नाही. त्या पेटीवर बसून मला एक वाक्य सुचेना. आत स्टोव्हचा आवाज येत होता. वडिलांना तेव्हा काय झालं असेल ते मला कळलं.

अण्णांनी मजकूर सुचवला नाही. घाई केली नाही. बोटं पट्ट्यांवर ठेवून ते थांबले.